हार्वर्डच्या ग्रंथालयातले धर्मानंद

भारतातून आई-बाबा आले की बॉस्टनकडची आपली मंडळी त्यांना एक दिवस हार्वर्ड दाखवायला नेतातच. जॉन हार्वर्डच्या पुतळ्याचा बूट चोळायचा, वाइडनर लायब्ररीच्या भल्यामोठ्या पायऱ्यांवर बसून फोटो काढायचा आणि मग पोटपूजा! त्या पायऱ्यांवर बसलेल्या किती जणांना ठाऊक असतं, की गोव्यातल्या साखवाळ गावचा एक माणूस आयुष्यात चार वेळा समुद्र ओलांडून याच विद्यापीठात एका पोथीचं काम करायला आला होता? आपण सगळे या देशात आलो ते डिग्रीच्या जोरावर. या गृहस्थांकडे एकही डिग्री नव्हती. त्यांचं नाव धर्मानंद दामोदर कोसंबी.

मराठी वाचकाला ते 'भगवान बुद्ध' या ग्रंथाचे लेखक म्हणून माहीत असतात. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. बौद्ध तत्त्वज्ञानावर बोलण्याचा माझा काडीचाही अधिकार नाही. पण माझा सगळा दिवस डेटाबेसमधल्या नोंदी इकडून तिकडे करण्यात जातो, त्यामुळे त्यांचं चरित्र वाचताना मला एक वेगळाच धागा सापडला: माणसाने केलेलं काम आणि त्या कामाच्या नोंदीतलं त्याचं नाव.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा. तब्येत नाजूक, त्यामुळे शाळा धड झालीच नाही. लहान वयात लग्न झालं आणि घरचं नारळाचं कुळागर सांभाळायचं काम गळ्यात पडलं. गावात ग्रंथालय वगैरे काही नाही. अशात 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकातला बुद्धावरचा एक लेख त्यांच्या वाचनात आला आणि त्या लेखाने त्यांना झपाटून टाकलं. बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा हा ध्यास घेऊन १८९९ साली त्यांनी घर सोडलं. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक. आजच्या नजरेने पाहिलं तर ही गोष्ट पचायला जड जाते, आणि ती गोडगोड करून सांगण्यात अर्थही नाही.

त्यानंतरची सात वर्षं म्हणजे निव्वळ पायपीट! पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट, मग ग्वाल्हेर, काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृतचं अध्ययन, नेपाळ, बोधगया, कलकत्ता. शेवटी सिलोन, म्हणजे आजचं श्रीलंका. तिथे कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे ते पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशात जाऊन भिक्षू झाले. एव्हाना एक मोठी अडचण त्यांच्या लक्षात आली होती. बुद्धाची भाषा पाली, पण पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिलोनात ग्रंथ सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात ब्रह्मी लिपीत, सयाममध्ये तिथल्या लिपीत, लंडनमध्ये छापलेले रोमन लिपीत. बुद्ध ज्या देशात जन्मला त्या देशाच्या नागरीत मात्र जवळजवळ काहीच नाही! आपल्या भाषेत बोलायचं तर डेटा सगळीकडे एकच, पण फॉन्ट प्रत्येकाचा वेगळा. कोसंबी या सगळ्या लिपी वाचायला शिकले. हेच त्यांचं भांडवल.

१९०६ साली ते परतले आणि कलकत्त्याला पाली शिकवू लागले. तेवढ्यात बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच, की महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात राहायचं आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यायचं. कलकत्त्याला याहून जास्त पगार मिळत असताना कोसंबी ५० रुपयांवर इकडे आले, कारण त्यांना मराठीत लिहायचं होतं. याच काळात हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स भारतात आले होते. त्यांची ओळख झाली, आणि १९१० साली कोसंबींना केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सचं बोलावणं आलं.

आता हार्वर्डला त्यांची काय गरज पडली होती? यासाठी थोडं ग्रंथालयाबद्दल सांगायला हवं. हार्वर्डचं ग्रंथालय सुरू झालं १६३८ साली, जॉन हार्वर्डने मृत्युपत्रात ठेवलेल्या सुमारे ४०० पुस्तकांवर. पुढे संस्कृतचे प्राध्यापक चार्ल्स लॅनमन १८८९ साली भारतात हिंडले आणि ग्रंथालयासाठी सुमारे ५०० पोथ्या-पुस्तकं घेऊन आले. त्यांचे शिष्य हेन्री क्लार्क वॉरन. लहानपणी झालेल्या अपघातामुळे हा माणूस आयुष्यभर अपंग, पण पैशाने सुखवस्तू आणि जिद्दीने जबरदस्त. लॅनमन आणि वॉरन यांनी मिळून 'हार्वर्ड ओरिएंटल सीरिज' ही ग्रंथमालिका सुरू केली. वॉरननी 'विशुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाची शुद्ध प्रत तयार करायला घेतली, आणि ती पुरी व्हायच्या आतच १८९९ मध्ये ते वारले. मालिकेसाठी पैसे मृत्युपत्रात ठेवून गेले, पण अर्धवट राहिलेलं हस्तलिखित पुरं करायला पैसा पुरत नाही. तिथे माणूसच लागतो.

'विशुद्धिमग्ग' हा पाचव्या शतकात बुद्धघोषाने सिलोनमध्ये लिहिलेला ग्रंथ: शील, समाधी आणि प्रज्ञा यांचा २३ प्रकरणांचा जणू ज्ञानकोशच. त्याची एक आख्यायिका आम्हा संगणकवाल्यांना फार आवडेल अशी आहे. बुद्धघोषाने ग्रंथ लिहिला आणि देवांनी तो लपवला. त्याने पुन्हा लिहिला, देवांनी तोही पळवला. तिसऱ्यांदा लिहून झाल्यावर देवांनी आधीच्या दोन्ही प्रती परत आणून दिल्या. भिक्षूंनी तिन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर एका अक्षराचाही फरक नाही!

प्रत्यक्षातल्या पोथ्या इतक्या शहाण्या नसतात. शेकडो वर्षं नकलांवर नकला होत आल्या म्हणजे कुठे अक्षर गळतं, कुठे ओळ दोनदा येते. सिंहली आणि ब्रह्मी लिपीतल्या ताडपत्री पोथ्या ओळीला ओळ लावून ताडायच्या, कुठला पाठ खरा ते ठरवायचं आणि ते कशावरून हेही सांगायचं. दोन फायलींमधला फरक आपण एका कळीवर काढतो. इथे ते काम डोळ्यांनी आणि स्मरणशक्तीने करायचं होतं. कोसंबी त्यासाठीच आले होते.

आणि इथेच माशी शिंकली. पुस्तकाच्या शीर्षकपानावर कोसंबींना किती श्रेय द्यायचं, यावरून त्यांचं आणि लॅनमन यांचं बिनसलं. काम अपुरं सोडून १९१२ च्या सुरुवातीला कोसंबी मायदेशी परतले.

एवढ्या विरक्त माणसाने, भिक्षू राहिलेल्या माणसाने नावासाठी अडून बसावं? पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही हा प्रश्न पडला होता. त्याचं उत्तर मला ग्रंथालयाच्या सूचीत मिळालं. आज अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये पुस्तकाची नोंद 'मार्क' नावाच्या साच्यात होते. हा साचा १९६० च्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अॅव्हरम या प्रोग्रामर बाईंनी बनवला. त्यात मूळ लेखकाचं नाव १०० क्रमांकाच्या रकान्यात जातं. संपादक, अनुवादक वगैरे मंडळींची नावं ७०० च्या रकान्यात. नोंद करणारा ग्रंथपाल ही माहिती मुख्यतः कुठून घेतो? शीर्षकपानावरून! प्रस्तावनेत कुणाचे कितीही मनापासून आभार मानलेले असोत, तेवढ्याने त्याचं नाव सूचीत येत नाही. कार्डांच्या खणांचे दिवस होते तेव्हाही हाच हिशेब होता. म्हणजे शीर्षकपानावर नाव नाही, तर कार्ड नाही. कार्ड नाही, तर शंभर वर्षांनी शोधणाऱ्याच्या लेखी तो माणूस झालाच नाही. कोसंबींच्या मनात नेमकं काय होतं हे मी कोण सांगणार? पण तो तंटा निव्वळ मानापमानाचा होता असं मला वाटत नाही.

परत आल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. मुंबई विद्यापीठात पालीचं शिक्षण रुजलं त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट यांनी पुढे 'विशुद्धिमग्गा'वरच तौलनिक अभ्यास करून हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. गुरूकडे पदवी नाही आणि शिष्य हार्वर्डचा डॉक्टर!

मात्र कोसंबींनी काम सोडून दिलं नव्हतं. १९१८ मध्ये ते पुन्हा हार्वर्डला गेले, या वेळी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना बरोबर घेऊन. बाळाबाई भारतातच राहिल्या. ग्रंथालयही दरम्यान बदललं होतं. १९१० साली जिथे पुस्तकांची दाटी झाली होती ती गोर हॉलची जुनी इमारत १९१३ मध्ये पाडली गेली. टायटॅनिकवर बुडालेल्या हॅरी वाइडनर या पुस्तकवेड्या तरुणाच्या आईने १९१५ साली त्याच्या स्मरणार्थ नवं ग्रंथालय उभारून दिलं. तेच आपल्या फोटोतलं! माणिक रॅडक्लिफ कॉलेजातून १९२२ मध्ये पदवीधर झाली. दामोदर केंब्रिजच्या शाळेत शिकला आणि पुढे १९२९ मध्ये हार्वर्डचा पदवीधर झाला. गणिती आणि इतिहासकार म्हणून जग ज्यांना ओळखतं ते डी. डी. कोसंबी हेच. एच-फोरवर मुलं घेऊन येणाऱ्या आपल्या पिढीने हे कुटुंब आपलं पूर्वज मानायला हरकत नाही.

पुस्तक मात्र निघेना. कोसंबी १९२२ मध्ये परतले, अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात काम केलं, १९२६ मध्ये तिसऱ्यांदा हार्वर्डला आले. १९२९ मध्ये लेनिनग्राडला पाली शिकवायला गेले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. १९३१-३२ मध्ये हार्वर्डची चौथी आणि शेवटची फेरी. एवढ्यात लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीची 'विशुद्धिमग्गा'ची आवृत्ती १९२०-२१ मध्ये येऊनही गेली होती. डेडलाइन चुकली म्हणून हळहळणाऱ्यांनी हा प्रोजेक्ट प्लॅन जरूर डोळ्यांपुढे ठेवावा!

शेवटी कोसंबींनी आपल्या मनातलं काम स्वतःच केलं. १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनातर्फे त्यांनी 'विशुद्धिमग्ग' देवनागरीत प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकपानावर संपादक म्हणून त्यांचंच नाव आहे. साखवाळच्या ज्या मुलाला नागरीत पाली मिळालं नव्हतं, त्याने पुढच्यांची सोय करून ठेवली.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम इथे त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवला. हार्वर्डची आवृत्ती आली १९५० साली, मालिकेचा ४१ वा ग्रंथ म्हणून. संपादक हेन्री क्लार्क वॉरन, संशोधक-सुधारक धर्मानंद कोसंबी, अशी दोन नावं शीर्षकपानावर आहेत. वॉरनना जाऊन ५१ वर्षं झाली होती, कोसंबींना ३. लॅनमनही १९४१ मध्येच गेले होते. पानावर नाव आलं, म्हणून सूचीत आलं. आज कुठल्याही विद्यापीठाच्या सूचीत रोमन लिपीत 'कोसंबी' टाका, पोथी ताडणारा हा माणूस हजर होतो.

आता थोडं कामाचं. अमेरिकेतल्या कितीतरी विद्यापीठांत मराठी पुस्तकं आहेत. १९६० च्या दशकात भारताने अमेरिकन गव्हाचे पैसे रुपयांत चुकते केले, त्यातल्या काही रुपयांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन इकडे पाठवली. म्हणजे दादरच्या दुकानात न मिळणारं एखादं जुनं पुस्तक शिकागोच्या शेल्फवर निवांत बसलेलं असू शकतं. ते मागवायला तुम्ही विद्यार्थी असायला हवं असंही नाही. आपल्या गावच्या पब्लिक लायब्ररीचं कार्ड घेऊन 'इंटरलायब्ररी लोन'ची विनंती करायची. बरीच ग्रंथालयं पुस्तक पाठवतात. शोधताना नाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे टाकून बघा.

सुरुवात कोसंबींच्या 'निवेदन' या आत्मचरित्राने करा. घरातल्या ज्या मुलांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, त्यांच्यासाठी त्याचा इंग्रजी अनुवाद आहे, २०११ सालचा, धर्मानंदांची नात मीरा कोसंबी यांनी केलेला. पुस्तक हातात पडलं की आधी शीर्षकपान उघडा आणि त्यावरची सगळी नावं मुलांना मोठ्याने वाचायला सांगा.