हुनर आणि तालीम : म्युनिकचे गेओर्ग केर्शेनश्टायनर

बी. एड.च्या पुस्तकात गेओर्ग केर्शेनश्टायनर हे नाव फार तर दोन ओळींत आटोपलेले असते. कृतिशाळेचे पुरस्कर्ते, जर्मन शिक्षणतज्ज्ञ, एवढे पाठ केले की परीक्षेचे काम भागते. परंतु जो प्रश्न आज आपल्या घराघरांत पालकांना छळतो आहे, तो या गृहस्थांनी सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या शहरापुरता सोडवून दाखवला होता. मुलाला पुढे शिकवावे, की कुठे हाताला काम लावावे? शिकवायचे तर घरात पैसा नाही. गॅरेजमध्ये किंवा शिवणकामाच्या दुकानात घातला, तर वही-पुस्तक सुटते ते कायमचेच. पालक बंधु-भगिनींनी आणि विशेषतः नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी या माणसाची हकीकत वाचावी, म्हणून हा लेख.

गेओर्ग यांचा जन्म 29 जुलै 1854 रोजी दक्षिण जर्मनीतील म्युनिक शहरात झाला. वडील व्यापारी, पण धंदा बसलेला. घरी सुबत्ता नव्हती आणि पोरगा काही साधा नव्हता. वयाच्या आठव्या वर्षी मुलांच्या टोळीबरोबर चोरी केल्याबद्दल त्याला थोडा वेळ अटकेत बसावे लागले होते. पुढे ज्याच्या हाती सबंध शहराच्या शाळा आल्या, त्याची सुरुवात अशी झाली. वाया गेलेले पोर म्हणून एखाद्या मुलाच्या नावावर काट मारण्याआधी आम्हा शिक्षकांनी हे आठवावे.

बाराव्या वर्षी त्याला फ्रायझिंग येथील प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणशाळेत घातले. गरीब घरातील हुशार मुलासाठी त्या काळी हाच स्वस्त रस्ता होता. सतराव्या वर्षी तो खेड्यात साहाय्यक शिक्षक झाला. नोकरी लागली, पगार सुरू झाला, आणि घरच्यांच्या दृष्टीने प्रश्न मिटला. त्याच्या दृष्टीने मात्र मिटला नाही. आपल्याला फार थोडे येते, ही जाणीव त्याला स्वस्थ बसू देईना. विसाव्या वर्षाच्या सुमारास त्याने नोकरी सोडली आणि आपल्याहून लहान मुलांसाठी असलेला गिम्नाझियमचा, म्हणजे तिकडच्या उच्च माध्यमिक शाळेचा, अभ्यासक्रम हाती घेतला. 1877 मध्ये तो ती अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाला. त्यानंतर म्युनिकमध्ये गणित आणि पदार्थविज्ञान यांचे शिक्षण घेऊन 1883 मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली. पोट भरण्याचे शिक्षण आधी आणि विद्यापीठाचे नंतर, अशा उलट्या वाटेने आलेला हा विद्वान होता. पुढे त्यांनी जे काही केले, त्याचे मूळ मला या उलट्या वाटेत दिसते.

न्यूरेंबर्ग, श्वाइनफुर्ट आणि पुन्हा म्युनिक अशा ठिकाणी बारा वर्षे त्यांनी गिम्नाझियममध्ये गणित आणि विज्ञान शिकवले. मुलांना घेऊन रानात जाणे आणि तिथली झाडेझुडपे त्यांनाच ओळखायला लावणे, ही त्यांची रीत होती. 1895 मध्ये म्युनिक नगराने त्यांची शाळा-अधिकारी म्हणून नेमणूक केली आणि हे पद 1919 पर्यंत त्यांच्याकडे राहिले.

आता मुख्य गोष्ट. त्या वेळी जर्मनीत बहुसंख्य मुले तेरा-चौदाव्या वर्षी प्राथमिक शाळा सोडून कुणा कारागिराकडे शागीर्द म्हणून राहत. लष्कराची सक्तीची नोकरी सुरू होई विसाव्या वर्षी. मधली सहा वर्षे मुलाकडे लक्ष देणारे कोणी नसे. कायद्याने या मुलांसाठी पूरक शाळा होत्या, पण त्या रविवारी नाहीतर संध्याकाळी भरत. दिवसभर घण मारून दमलेल्या मुलाला तिथे पुन्हा तेच वाचन, तोच शुद्धलेखनाचा धडा आणि तीच बेरीज-वजाबाकी मिळे. मुले पेंगत, दंगा करत, पळून जात. शिक्षकही कंटाळलेले असत. रात्रशाळेत शिकवलेल्या कोणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल.

केर्शेनश्टायनर यांनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी अभ्यासक्रम पाहिला आणि त्यांच्या ध्यानात आले की मुलाचे मन ज्या गोष्टीत गुंतले आहे, तिचा शाळेत मागमूसही नाही. सुताराकडे राहणाऱ्या मुलाच्या डोक्यात लाकूड असते आणि खाटकाकडच्या मुलाच्या डोक्यात जनावर, वजन आणि भाव असतो. तर मग शाळा त्या धंद्यापासूनच का सुरू करू नये? 1900 ते 1906 या काळात त्यांनी म्युनिकच्या पूरक शाळांची फेरमांडणी केली आणि प्रत्येक धंद्याची शाळा वेगळी केली. सुतार, लोहार, चांभार, पाव-बिस्किटे भाजणारे, खाटीक, न्हावी, पुस्तकबांधणी करणारे, इतकेच काय, धुराडी साफ करणाऱ्या पोरांसाठीही शाळा निघाली. पन्नासाहून अधिक धंद्यांची अशी सोय झाली.

या शाळा चालत कशा, ते समजून घेण्यासारखे आहे. मुलगा आठवडाभर उस्तादाकडे काम करी आणि त्यातील आठ-नऊ तास त्याला शाळेत यावे लागे. हे तास शक्यतो दिवसा, कामाच्या वेळातच असत आणि मालकाने ते सोडणे सक्तीचे होते. हा क्रम तीन-चार वर्षे चाले. शाळेत वर्कशॉप असे. तिथे धंद्यातला जाणता कारागीर आणि प्रशिक्षित शिक्षक, दोघेही शिकवत. हिशेब शिकायचा तो त्याच धंद्याचा : लाकूड किती लागेल, वाया किती जाईल, मजुरी धरून वस्तू कितीला पडेल. निबंधाच्या तासाला गिऱ्हाइकाला पत्र लिहायचे, अर्ज लिहायचा, बिल तयार करायचे. चित्रकलेच्या तासाला वस्तूचा आराखडा. त्याच्या जोडीला मालाची पारख, आरोग्य, धर्मशिक्षण आणि नागरिकशास्त्र. नागरिकशास्त्रही आपल्या धंद्याच्या इतिहासापासून सुरू होई. आपल्या कारागिरांचे संघ कसे उभे राहिले, त्यांचे नियम काय होते, तिथून नगरपालिकेपर्यंत आणि मग राज्यकारभारापर्यंत.

सुरुवातीला मालकांनी कुरकुर केली. पगार आम्ही द्यायचा आणि पोरगा शाळेत बसणार, ही तक्रार कुठल्याही देशातला मालक करील. केर्शेनश्टायनर यांची हुशारी अशी की त्यांनी कारागिरांच्या संघांनाच शाळेच्या कारभारात ओढले. अभ्यासक्रमात त्यांचा सल्ला घेतला आणि वर्कशॉपला लागणाऱ्या मालासाठी त्यांची मदत मिळवली. शाळा आपली आहे असे वाटू लागल्यावर विरोध बराच निवळला. संस्था चालवणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

एर्फुर्ट येथील अकादमीने एक निबंधस्पर्धा जाहीर केली होती. प्राथमिक शाळा सोडल्यापासून लष्करात जाईपर्यंत तरुणांना नागरिक म्हणून कसे घडवावे, हा विषय होता. पारितोषिक केर्शेनश्टायनर यांना मिळाले आणि त्यांचे नाव देशभर झाले. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा होता की धंद्याचे शिक्षण हे मनुष्य घडवण्याच्या शिक्षणाचे प्रवेशद्वार आहे. आधी संस्कृती आणि मग धंदा, हा क्रम त्यांनी उलटा केला.

1908 साली झुरिच येथे पेस्टालोझी यांच्या स्मृतिसमारंभात त्यांनी कृतिशाळेची कल्पना मांडली. ती समजावताना ते पुढे एक उदाहरण देत असत. एका मुलाने पक्ष्यासाठी लाकडी घरटे करायचे ठरवले. हाती एक फळी आहे. सहा तुकडे हवेत. आधी विचार, मग माप, मग रेघ, मग करवत. तुकडे जोडताना गुण्या लावला की कोपरा बरोबर आहे की नाही ते दिसते. कोणी शिक्षक लाल शाईने खूण करीत नाही. चूक वस्तूच सांगते आणि ती झाकता येत नाही. मुलगा स्वतःच्या कामाला स्वतः तपासायला शिकतो. नुसते हात चालवणे म्हणजे कृतिशाळा नव्हे, हे त्यांनी अनेकदा बजावले. ज्या कामामागे विचार नाही आणि ज्याची तपासणी नाही, ते काम शिक्षण ठरत नाही. दिवसभर चहा आणायला आणि पाने-पक्कड हातात द्यायला ठेवलेला पोरगा धंदा शिकतो आहे असे आपण म्हणतो, त्याचाही या कसोटीवर विचार व्हावा.

त्यांचे सगळेच पटण्यासारखे आहे असे नाही. मुलींच्या शाळांत त्यांनी मुख्यतः घरकाम आणि गृहव्यवस्थाच ठेवली. राज्याला उपयोगी पडणारा नागरिक घडवण्यावर त्यांचा इतका भर होता की त्या नागरिकाने राज्याला प्रश्न विचारावा की नाही, हे मागे पडते. शिवाय सुताराच्या शाळेत गेलेला मुलगा बहुधा सुतारच राहणार. त्याला त्यांच्यासारखे विद्यापीठाकडे वळायचे असेल तर वाट अवघडच होती.

1910 मध्ये ते अमेरिकेत व्याख्यानांसाठी गेले. 1912 ते 1918 जर्मन संसदेचे सदस्य होते. नंतर म्युनिक विद्यापीठात मानद प्राध्यापक झाले. 15 जानेवारी 1932 रोजी म्युनिकमध्येच त्यांचे निधन झाले. कारखाना आणि शाळा दोन्हीकडे मिळून शिकण्याच्या त्या पद्धतीला पश्चिम जर्मनीत 1969 च्या कायद्याने देशव्यापी चौकट मिळाली. आजही तिथला शिकाऊ उमेदवार साधारणपणे आठवड्यातील तीन-चार दिवस कामावर आणि एक-दोन दिवस शाळेत असतो. विद्यापीठाची बंद वाटही हळूहळू उघडली. पूर्व जर्मनीत धंद्याचे प्रमाणपत्र आणि उच्च माध्यमिक परीक्षा एकत्र देणारा तीन वर्षांचा अभ्यासक्रम 1990 पर्यंत होता. स्वित्झर्लंडमध्ये 1990 नंतरच्या दशकात शिकाऊ उमेदवारांसाठी व्यावसायिक पदवीपूर्व परीक्षा सुरू झाली. 2009 पासून जर्मनीत मिस्त्रीची, म्हणजे मास्टरची, परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कारागिराला विद्यापीठात प्रवेश घेता येतो.

आपल्याकडे हे विचार ज्या मार्गाने आले, तो मार्ग आपल्या समाजाच्या अभिमानाचा आहे. 1922 ते 1926 या काळात डॉ. झाकिर हुसेन बर्लिनमध्ये शिकत होते आणि तिथे केर्शेनश्टायनर यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. त्यांचे सहकारी डॉ. आबिद हुसेन हे ज्यांच्या हाताखाली शिकले, ते प्राध्यापक श्प्रांगर केर्शेनश्टायनर यांचे स्नेही होते. 1926 मध्ये परत येऊन दोघांनी जामिया मिल्लियाच्या कामाला वाहून घेतले. ऑक्टोबर 1937 मध्ये आपल्या वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाकिरसाहेबच होते आणि मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा त्या समितीने तयार केला. मात्र वर्धा योजना सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होती आणि म्युनिकच्या शाळा चौदा वर्षांनंतरच्या, कामाला लागलेल्या मुलांसाठी होत्या. हे दोन्ही आपल्याकडे नेहमी एकत्र कालवले जाते. वर्ध्याची चर्चा पुष्कळ झाली. कामाला लागलेल्या मुलाचे काय, हा प्रश्न मागेच राहिला.

तो अगदीच मागे राहिला असेही नाही. शिकाऊ उमेदवारांसाठी देशात 1961 चा कायदा आहे. त्याखाली कारखान्यात काम शिकताना उमेदवाराला दरमहा विद्यावेतन मिळते. महाराष्ट्रात कनिष्ठ महाविद्यालयांत द्विलक्ष्यी अभ्यासक्रम आहेत, ज्यांत बारावीच्या नेहमीच्या विषयांबरोबर एक तांत्रिक विषय घेता येतो. आणि दहावीनंतर दोन वर्षांचा आय. टी. आय. अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या मुलाला भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळवण्याची सोय आहे. हे फार थोड्या पालकांना ठाऊक असते. निकाल लागल्यावर मुलाला कुणा मिस्त्रीच्या हवाली करण्याआधी जवळच्या आय. टी. आय.मध्ये जाऊन या सोयींची चौकशी करावी. दाखला आणि गुणपत्रिका बरोबर न्यावी.