ख्रिस्तियन डॉप्लर

ख्रिस्तियन आंद्रेयास डॉप्लर (२९ नोव्हेंबर, १८०३ – १७ मार्च, १८५३) हे ऑस्ट्रियन गणितज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ होते. ध्वनीचा किंवा प्रकाशाचा उगम आणि निरीक्षक यांच्यात सापेक्ष गती असल्यास निरीक्षकास जाणवणारी कंप्रता (दर सेकंदास होणारी कंपने) बदलते, हे तत्त्व त्यांनी १८४२ मध्ये मांडले. हे तत्त्व 'डॉप्लर परिणाम' या नावाने ओळखले जाते. ताऱ्यांची गती आणि त्वचेतील सूक्ष्म रक्तप्रवाह या दोहोंचे मापन त्यावर आधारलेले आहे.

जीवन

डॉप्लर यांचा जन्म साल्झबर्ग येथे पाथरवटांच्या घराण्यात झाला. प्रकृती नाजूक असल्याने ते वडिलोपार्जित व्यवसायात न जाता व्हिएन्ना येथे शिकले. तेथे चार वर्षे साहाय्यक म्हणून काम केल्यावरही त्यांना कायम पद मिळाले नाही. काही काळ त्यांनी सूतगिरणीत हिशेबनीसाचे काम केले. निराश होऊन १८३५ मध्ये ते अमेरिकेस जाण्याच्या तयारीत असतानाच प्राग येथील शाळेत त्यांची नेमणूक झाली. १८४१ मध्ये ते प्रागच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्राध्यापक झाले.

डॉप्लर परिणाम

२५ मे, १८४२ रोजी प्राग येथे त्यांनी जोडताऱ्यांच्या रंगांवरील निबंध वाचला. पृथ्वीकडे येणारा तारा निळसर आणि दूर जाणारा तांबूस दिसतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. मूळ तत्त्व अचूक असले, तरी हे उदाहरण चुकीचे होते. प्रकाशाच्या मानाने ताऱ्यांची गती इतकी अल्प असते, की त्यामुळे डोळ्यांना जाणवेल असा रंगबदल होत नाही. १८४५ मध्ये डच शास्त्रज्ञ बॉइस बॅलट यांनी उत्रेख्तजवळ धावत्या आगगाडीत तुतारीवादक बसवून ध्वनीच्या बाबतीत तत्त्व पडताळले. रंगांविषयीचा निष्कर्ष मात्र त्यांनी अमान्य केला. वर्णपटातील रेषांच्या स्थानबदलावरून गती ओळखता येईल, हे फ्रेंच शास्त्रज्ञ फिझो यांनी १८४८ मध्ये स्वतंत्रपणे दाखवले.

विरोध व अखेर

१८५० मध्ये डॉप्लर व्हिएन्ना विद्यापीठातील भौतिकी संस्थेचे पहिले संचालक झाले. आनुवंशिकतेचे संशोधक ग्रेगोर मेंडेल हे तेथे त्यांचे विद्यार्थी होते. १८५२ मध्ये गणितज्ञ योझेफ पेट्झव्हाल यांनी व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीत डॉप्लर यांच्या तत्त्वावर कठोर टीका केली. इतक्या साध्या समीकरणातून निसर्गाचा मूलभूत नियम मिळू शकत नाही, असा तिचा रोख होता. त्या वेळी डॉप्लर क्षयरोगाने ग्रस्त होते. हवापालटासाठी ते व्हेनिसला गेले आणि तेथेच वयाच्या ४९व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १८६८ मध्ये विल्यम हगिन्झ यांनी व्याध ताऱ्याच्या वर्णपटावरून त्याच्या गतीचे मापन केले. ते पाहण्यास डॉप्लर हयात नव्हते.

त्वचेतील रक्तप्रवाहाचे मापन

१९६० मध्ये लेसरचा शोध लागल्यावर अत्यंत मंद गतीही मोजता येऊ लागली. १९७५ मध्ये मायकेल स्टर्न यांनी त्वचेतील रक्तप्रवाह लेसरने अभ्यासता येतो हे दाखवले. केशवाहिन्यांतील तांबड्या रक्तपेशींची गती सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. त्यामुळे लाल लेसर प्रकाशाच्या कंप्रतेत पडणारा फरक फार तर काही हजार हर्ट्‌झ असतो. मूळ कंप्रता मात्र सुमारे ४७० लाख कोटी हर्ट्‌झ असते. एवढा सूक्ष्म फरक वर्णपटात दिसत नाही. म्हणून स्थिर ऊतींवरून परतलेला आणि हलत्या पेशींवरून परतलेला प्रकाश संवेदकावर एकत्र पडू देतात. दोहोंच्या मिश्रणाने प्रकाशाची तीव्रता कमीजास्त होते आणि त्या चढउतारावरून प्रवाहाचा अंदाज बांधतात.

ही पद्धत साधारण एक मिलिमीटर खोलीपर्यंतचा प्रवाह दाखवते. मिळणारे आकडे सापेक्ष असतात. त्यावरून रक्ताचे प्रत्यक्ष आकारमान कळत नाही. भाजलेल्या त्वचेला सुई न टोचता जखमेची खोली ठरवण्यासाठी आणि शस्त्रक्रियेने बसवलेल्या त्वचेतील रक्तपुरवठ्यावर लक्ष ठेवण्यासाठी ती वापरली जाते.