शेवाळासाठी मुंबई गाठणारे बोर्गेसेन

आपण वऱ्हाडातली मुलं. शेवाळ म्हटलं की वडाळी तलाव नाहीतर होस्टेलची टाकी आठवते. डेन्मार्कच्या फ्रेडरिक बोर्गेसेन (१८६६-१९५६) यांनी मात्र समुद्री शेवाळातच आयुष्य घालवलं. १९२७-२८ मध्ये, साठी उलटल्यावर, ते भारतात आले आणि मुंबईच्या किनाऱ्यावरची शेवाळं जमवली. हिरवी शेवाळं वरून सगळी सारखीच! नुसत्या रंगावरून नाव देणं म्हणजे युनिफॉर्म बघून रोल नंबर सांगणं. आणि नाव चुकलं की पुढचा सगळा अभ्यास चुकतो. फांद्या कशा फुटतात, आत आडव्या भिंती आहेत की सलग नळीच आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासावं लागतं. १९३३ साली ‘कॅमेडोरिस ऑरिक्युलाटा’ या हिरव्या शेवाळाला त्यांनीच नाव दिलं. १९३५ मध्ये मुंबईच्या समुद्री शेवाळांची यादी छापली तेव्हा ते ६९ वर्षांचे होते.