पाटी-पेन्सिलीचा संसार

पंढरपूरहून टेंभुर्णीला निघालं की वाटेत करकंब लागतं. मी तिथला. हॉस्टेलवर कुणी गाव विचारलं की नुसतं करकंब सांगून भागत नाही, पुढे 'पंढरपूरजवळ' असं जोडावं लागतं. पण आमच्या या गावाचा एक धागा महाराष्ट्राच्या इतिहासात लांबवर गेलेला आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचं घराणं मूळचं कोकणातलं. त्यांचे पूर्वज घाट चढून देशावर आले आणि करकंबला राहिले. पुढे घराणं नोकरीनिमित्त सांगली, कोल्हापूरकडे गेलं.

न्यायमूर्तींबद्दल शाळेत आपण सगळ्यांनीच वाचलेलं असतं. मला लिहायचंय ते या घराण्यात सून म्हणून आलेल्या रमाबाईंबद्दल. त्याला कारण आहे. आपल्याकडे रात्री जेवण झाल्यावर रूमवर दोनच विषय निघतात, एक प्लेसमेंट आणि दुसरा लग्न. बायको शिकलेली हवी, पण घरच्यांशी जुळवून घेणारी हवी. नोकरी करणारी चालेल, पण स्वयंपाक यायला हवा. ही यादी मी तीन वर्षं ऐकतोय. दोघं एकमेकांशी बोलणार कसे, हा मुद्दा मात्र त्या यादीत कधीच नसतो. म्हणून हा दीडशे वर्षांपूर्वीचा संसार आठवला.

रमाबाईंचं माहेरचं नाव यमुना. २५ जानेवारी १८६२ रोजी सांगली भागातल्या देवराष्ट्रे इथं कुर्लेकरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. मुलींना शिकवायची तेव्हा रीत नव्हती. बाई शिकली की नवरा मरतो, असा समज घरोघरी होता. त्यामुळे अकराव्या वर्षापर्यंत यमुनेला अक्षरओळख नव्हती.

इकडे पुण्यात १८७३ साली रानड्यांच्या पहिल्या पत्नी वारल्या. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे, पुण्यात न्यायाधीश आणि विधवाविवाहाच्या चळवळीतले पुढारी. आता हे विधवेशीच लग्न करणार, असं त्यांच्या मित्रांनी गृहीत धरलं होतं. वडील गोविंदरावांनाही नेमकी हीच भीती होती. त्यांनी घाईघाईनं कुर्लेकरांची मुलगी ठरवली. रानड्यांनी टाळायचा प्रयत्न केला, पण वडिलांचा शब्द मोडणं त्यांना जमलं नाही. डिसेंबर १८७३ मध्ये एकतीस वर्षांच्या विद्वानाचं अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न लागलं. सुधारक मंडळींनी त्यांच्यावर टीका केली आणि ती चुकीची नव्हती. दुसऱ्यांना सांगितलेलं स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांना करता आलं नाही.

म्हणजे सुरुवात बघा. नवऱ्याला हे लग्न नको होतं आणि मुलीला कुणी विचारलंच नव्हतं. आजच्या भाषेत सांगायचं तर डिझाइनच चुकलेलं! तरी हा संसार उभा राहिला. कसा, ते बघण्यासारखं आहे.

लग्नानंतर पहिल्यांदा दोघं एकटे भेटले तेव्हा रानड्यांनी त्या मुलीला विचारलं, की तुझं लग्न ज्याच्याशी झालं तो कोण, त्याचं नाव काय, हे तुला माहीत आहे का. ज्या काळात नवऱ्याचं नाव घेणं पाप मानलं जाई, त्या काळातला हा प्रश्न. तिनं नाव सांगितलं. मग लिहिता-वाचता येतं का, हे विचारलं. येत नाही म्हटल्यावर पाटी-पेन्सिल घेऊन शिकवणी सुरू झाली. थोड्याच दिवसांत तिला मुळाक्षरं आली. पुढे शिकवायला एक शिक्षिका येऊ लागल्या आणि मग रानडे स्वतः इंग्रजी शिकवू लागले.

ऐकायला छान वाटतं, पण या शिक्षणाची किंमत कुणी मोजली? रानडे सकाळी कोर्टात जात. रमाबाई दिवसभर घरात. वाड्यात सासू, नणंद, नात्यातल्या इतर वडीलधाऱ्या बायका. त्यांना सुनेचं शिकणं मुळीच खपत नव्हतं. टोमणे, अबोला, सगळ्यांदेखत अपमान, हे रोजचं झालं. रानड्यांना हे कळत नव्हतं असं नाही. पण त्यांनी घरातल्या मोठ्यांना कधी सरळ थांबवलं नाही. रमाबाईंनाच सांगितलं, की उलट उत्तर देऊ नकोस, सोसत जा, पण अभ्यास सोडू नकोस. विचार नवऱ्याचे होते आणि भांडण बायकोच्या वाट्याला आलं होतं. माझ्या मते न्यायमूर्तींची ही बाजू लंगडी आहे. घरात बदल हवा असेल तर तो ज्याला हवा आहे त्यानं घरच्यांशी स्वतः बोलायला हवं. ते काम नव्या नवरीच्या अंगावर टाकून चालत नाही. आजही शिकलेली सून हौसेनं आणायची, आणि आईशी तिचं वाजलं की मोबाईलमध्ये डोकं घालून बसायचं, असले नवरे आपल्या आजूबाजूला आहेतच की.

दुसरी गोष्ट अबोल्याची. रानडे रागावून ओरडत नसत. त्यांचा राग म्हणजे बोलणं बंद. एकदा सभेच्या वेळी रमाबाई घरातल्या बायकांच्या दबावापुढे नमल्या आणि नवऱ्याला आवडलं असतं तसं वागल्या नाहीत. त्यावर घरी रानडे एक शब्द बोलले नाहीत. रात्रीचं नेहमीचं वाचन झालं, पायाला तूप चोळून झालं, तरी शब्द नाही. रमाबाई रडकुंडीला आल्या. शेवटी त्यांनीच क्षमा मागितली तेव्हा बोलणं सुरू झालं.

बरेच जण ही गोष्ट न्यायमूर्तींच्या संयमाचं उदाहरण म्हणून सांगतात. मला तसं वाटत नाही. दोन बाजूंनी ओढल्या जाणाऱ्या त्या मुलीनं करायचं तरी काय होतं? मारण्या-ओरडण्यापेक्षा अबोला सभ्य दिसतो, पण समोरच्याला तोही तितकाच लागतो. आपली चूक काय, हे कुणी सांगायचंच नाही आणि शिक्षा मात्र भोगायची. आपण मेसेज बघून उत्तर न देणं म्हणतो, तो याचाच आजचा अवतार!

पण याच संसाराची दुसरी बाजू तितकीच खरी आहे, आणि ती मला जास्त आवडते. दोघं रोज एकत्र वाचत. दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कर्जनिवारणाचा कायदा १८७९ साली आला. पुणे, सातारा, नगर आणि आपला सोलापूर हे त्याचे चार जिल्हे. त्या कामासाठी रानड्यांना सतत फिरतीवर जावं लागे आणि रमाबाई बरोबर असत. गावोगावच्या मुलींच्या शाळा त्या बघत, बायकांना भेटत. वाड्यातल्या धुसफुशीपासून लांब, या दौऱ्यांत दोघांना बोलायला निवांत वेळ मिळाला असणार.

१८८६ साली सरकारच्या फायनान्स कमिटीच्या कामासाठी दोघं कलकत्त्याला होते. तिथं रानड्यांनी बंगाली शिकायला घेतलं. दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याला ते शब्दांचे उच्चार विचारत. रमाबाईंना याचं हसू आलं आणि त्यांनी नवऱ्याची थट्टा केली. रानडे चिडले नाहीत. शिकायचं असेल तर गुरू कोण ते बघायचं नसतं, हे त्यांनी समजावलं आणि रमाबाईंनाही बंगाली शिकवलं. ज्या मुलीशी नवरा एक दिवस बोलला नाही तर ती घाबरून जायची, तीच आता हायकोर्टाच्या वाटेवर असलेल्या नवऱ्याची खुशाल थट्टा करत होती. मला तर यातच प्रेम दिसतं.

तोपर्यंत रमाबाई बाहेरही बोलू लागल्या होत्या. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज सुरू झाला. तिथं रमाबाई रानडे जाऊ लागल्या. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवं म्हणून गव्हर्नरांसमोर त्यांनी भर सभेत इंग्रजीतून निवेदन वाचलं. १८८४ साली ती शाळा निघाली, तीच आजची हुजूरपागा. घरी परतल्यावर बोलणी खावी लागली ती वेगळीच. पुढे १८९० मध्ये पंचहौद मिशनमधल्या चहाचं प्रकरण गाजलं आणि १८९२ साली रानड्यांनी मित्रांखातर प्रायश्चित्त घेतलं. रमाबाईंना ते पटलं नव्हतं. शिकवलेली विद्यार्थिनी आता स्वतःचं मत बाळगून होती.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे विधवेनं कोपऱ्यात बसायचं. काही काळ त्यांनी स्वतःला घरात कोंडून घेतलंही. पण नंतर त्या उठल्या. १९०४ साली मुंबईला भरलेल्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. येरवड्याच्या तुरुंगात बायका-कैद्यांना भेटायला जाऊ लागल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं. विधवा, टाकलेल्या, अर्ध्यात शाळा सुटलेल्या बायका तिथं शिकल्या. ससून हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकायला सेवासदनानं मुली पाठवल्या. चांगल्या घरच्या मुलींनी परक्या पुरुषांची शुश्रूषा करायची, ही कल्पनाच तेव्हा लोकांना सहन होत नव्हती. सोलापुरातलं सेवासदन आपल्यापैकी अनेकांनी बघितलंय, काहींच्या बहिणी तिथं शिकल्या असतील. ते याच कामाचं रोप.

१९१० साली त्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक निघालं. ते वाचताना एक जाणवतं. त्या नवऱ्याकडे शेवटपर्यंत गुरू म्हणून, जवळजवळ देव म्हणूनच बघतात. बरोबरीची मैत्रीण अशी त्यांनी स्वतःला कधी मांडलं नाही. पण घरातला जाच, तो अबोला, न पटलेलं प्रायश्चित्त यातलं काही त्यांनी झाकलंही नाही. जे त्या काळी तोंडावर बोलता आलं नसेल, ते त्यांनी लिहून ठेवलं. १९२४ साली त्या वारल्या. शेवटच्या वर्षांतही मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि बायकांच्या मताधिकारासाठी त्यांची धडपड चालूच होती. १९६२ साली, जन्मशताब्दीला, सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं.

आता मुद्द्याचं. माझ्या ताईच्या लग्नाच्या वेळी मुलाशी बोलायला म्हणून दोघांना आतल्या खोलीत पंधरा मिनिटं मिळाली होती. त्यात कॉलेज कुठलं, पगार किती, एवढंच झालं. रानड्यांच्या वेळी तेवढीही सोय नव्हती. पण त्यांनी लग्नानंतर रोज वेळ काढला, सत्तावीस वर्षं. जिथं बोलणं चालू राहिलं तिथं वीस वर्षांचं अंतर असूनही दोघं जवळ आले. जिथं ते बंद पडलं तिथं थोर माणसाच्या घरातही बायकोला एकटीनं रडावं लागलं.

आणि नवऱ्यानं बायकोला काय दिलं, हे तो असताना कळत नाही. तो नसताना ती कशी उभी राहते, यावरून कळतं. रमाबाई तेवीस वर्षं उभ्या राहिल्या. बायकोला 'परवानगी' देण्याच्या गोष्टी करणाऱ्या आपल्या रूमवरच्या मंडळींनी एवढा एक हिशोब मांडून बघावा. दागिने, फ्लॅट, गाडी हे सगळं ठीक आहे. पण तिच्या हातात पाटी-पेन्सिल दिली का, तिला शांतपणे ऐकून घेतलं का, आणि घरातल्या मोठ्यांसमोर तिच्या बाजूनं एक वाक्य तरी बोललो का? पहिल्या प्रश्नात न्यायमूर्ती पूर्ण मार्कांनी पास आहेत. तिसऱ्यात त्यांचीही केटी लागली. ती सोडवायची संधी आता आपल्याला आहे.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)