विल्यम कॅरी : संथ चालीचा दीर्घ पल्ला

कोलकाता : हुगळी नदीतून नावेने श्रीरामपूरहून कोलकात्यास जायचे, तेथे काही दिवस अध्यापन करायचे आणि पुन्हा श्रीरामपूरला परतायचे, हा विल्यम कॅरी यांचा सुमारे तीस वर्षांचा परिपाठ होता. कोलकात्यात फोर्ट विल्यम कॉलेजातील नोकरी, तर श्रीरामपुरात मिशन आणि छापखाना. या दोन कामांत त्यांनी कधी भिंत उभारली नाही आणि कोणत्याही कामात घाईही केली नाही.

इंग्लंडच्या नॉर्थअ‍ॅम्प्टनशायरमध्ये १७६१ साली जन्मलेले कॅरी मूळचे चर्मकार. १७९२ मध्ये बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी ते कोलकात्यात उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनऱ्यांचे वावडे होते. त्यामुळे उत्तर बंगालमधील मदनावती येथे निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहत त्यांनी बंगाली आणि संस्कृतचा अभ्यास केला. १८०० मध्ये ते डॅनिश अमलाखालील श्रीरामपूरला गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस कृष्ण पाल या सुताराने बाप्तिस्मा घेतला. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला दाखवता येईल असे हे पहिले फळ हाती यायला सात वर्षे लागली होती.

१८०१ मध्ये कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात भाषांचे अध्यापक झाले. वेतनाचा बहुतांश भाग ते मिशनच्या सामायिक निधीत जमा करीत. मराठीवर त्यांचे मोठे ऋण आहे. कॉलेजातील वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले होते. मराठी मुद्रणाच्या आरंभकाळातील ही महत्त्वाची पुस्तके बंगालमध्ये आकाराला आली.

११ मार्च १८१२ च्या रात्री श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागद, खिळे आणि अनेक वर्षांच्या श्रमाची हस्तलिखिते जळाली. त्यांत कॅरींचा बहुभाषिक शब्दकोशही होता. खिळे पाडण्याचे मूळ ठसे मात्र वाचले. थोड्याच दिवसांत नवे खिळे पाडले जाऊ लागले आणि कॅरींनी नष्ट झालेली भाषांतरे पुन्हा लिहायला घेतली.

या चिकाटीची दुसरी बाजूही होती. श्रीरामपूरची अनेक भाषांतरे पुढे सदोष ठरली. भारतात येताच एक लहान मुलगा दगावला आणि पत्नी डोरोथी यांचे मानसिक स्वास्थ्य कायमचे ढासळले. कामाच्या अखंड चक्राची झळ घराला बसली.

मात्र संथपणा म्हणजे दिरंगाई नव्हे, हे डिसेंबर १८२९ मध्ये दिसले. सतीबंदीचा कायदा बंगालीत भाषांतर करण्यासाठी रविवारी त्यांच्या हाती आला. त्या दिवशी त्यांना प्रवचन द्यायचे होते. एका दिवसाच्या विलंबानेही स्त्रियांचे प्राण जाऊ शकतात, हे जाणून त्यांनी प्रवचनाचे काम दुसऱ्यावर सोपवले आणि पंडितासह संध्याकाळपर्यंत भाषांतर पूर्ण केले. कोशासाठी वर्षे देणाऱ्या माणसाने येथे एक दिवसही दवडला नाही.

९ जून १८३४ रोजी श्रीरामपूर येथे त्यांचे निधन झाले. एकेचाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी परतले नाहीत. १८१८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह स्थापन केलेले श्रीरामपूर कॉलेज आजही सुरू आहे.