डोळे आले, हज्जाम आला आणि नजर गेली : डॉ. ताहा हुसैन यांची कहाणी

बकरी ईद एका दिवसावर आली होती. घरात साफसफाई, पाव-बिस्किटं भाजण्याची गडबड. मोठी मुलं शिंप्याकडे आणि चांभाराकडे खेपा घालत होती. या सगळ्या धावपळीत घरातली चार वर्षांची मुलगी तापाने फणफणून एका कोपऱ्यात पडून होती. दोन-तीन दिवस तिच्याकडे कुणी फारसं पाहिलंच नाही. पोरं आजारी पडतात, एक दिवस-रात्र निजतात, आणि उठून परत खेळायला लागतात, असाच घरातल्या बायकांचा हिशेब. ईदच्या आदल्या दिवशी मुलगी किंचाळायला लागली, तेव्हा आई हातातलं काम टाकून धावली. रात्रीपर्यंत सगळं संपलं होतं.

हे घर इजिप्तमधलं. त्या मुलीचा अंध भाऊ पुढे अरबी साहित्यातला फार मोठा माणूस झाला. त्याचं नाव ताहा हुसैन. बहिणीची ही गोष्ट त्यांनी ‘अल-अय्याम’ म्हणजे ‘ते दिवस’ या आत्मकथेत लिहिली, आणि तिथेच, जाता जाता दोन-तीन वाक्यांत, स्वतःची नजर कशी गेली तेही सांगून टाकलं. डोळे आले, काही दिवस कुणी लक्ष दिलं नाही, मग हज्जामाला बोलावलं, आणि त्याच्या इलाजात डोळे गेले. आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या घटनेला त्यांनी एवढीच जागा दिली. आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटून पुढे गेलो आणि परत मागे आलो.

ताहा हुसैन यांचा जन्म १८८९ मधला. नाईल नदीच्या काठी, मिन्या प्रांतात मगागा नावाचं गाव आहे, त्याच्या जवळच्या एका छोट्या वस्तीत ते जन्मले. वडील साखर कंपनीत साधे नोकर. तेरा भावंडांत हा सातवा. घर गरीब नव्हतं, पण खाणारी तोंडं भरपूर. अशा घरात एखाद्या पोराच्या डोळ्यांतून पाणी येतं, पापण्या सुजतात, सकाळी चिकटतात, याची दखल कोण आणि कधी घेणार? आपल्याकडच्या मोठ्या कुटुंबांत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्या काळच्या इजिप्तमध्ये डोळ्यांची साथ ही दरवर्षीची गोष्ट होती. अरबीत त्याला ‘रमद’ म्हणतात. उन्हाळा आला, माशा वाढल्या की पोरांचे डोळे यायचे. त्यातले काही प्रकार फार वाईट. जंतू जोरदार असले तर डोळ्यावरचा पारदर्शक पडदा थोड्याच दिवसांत गळून जातो. दुसरा रोग खुपऱ्यांचा, ज्याला ट्रॅकोमा म्हणतात. तो हळू मारतो, वर्षानुवर्षे पापण्या आतून खरवडत राहतो. (हा आपल्या देशातही घराघरांत होता. भारतातून तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं.) मॅकॅलन नावाच्या इंग्रज डॉक्टरने इजिप्तच्या गावोगाव तंबूतले फिरते नेत्र दवाखाने सुरू केले ते १९०४ साली. ताहासाठी त्याला फार उशीर झाला होता.

मनाला टोचते ती गोष्ट आणखी वेगळी आहे. हा तोच इजिप्त, जिथे नऊशे वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी उजेड आणि दृष्टी यांच्यावर ‘किताब अल-मनाझिर’ लिहिली. याच काहिरात अम्मार अल-मौसिली नावाचे नेत्रवैद्य पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढत होते. बगदादच्या अली इब्न ईसा यांचा डोळ्यांच्या रोगांवरचा ग्रंथ शतकानुशतकं वैद्य वाचत होते. एवढं सगळं आपल्याच लोकांनी लिहून ठेवलं, आणि एका मुसलमान आईला मुलाच्या डोळ्यांसाठी हज्जामापलीकडे कुणी ठाऊक नव्हतं. आम्ही जुन्या वैभवाची भाषणं पुष्कळ ऐकतो. मगागाच्या त्या आईपर्यंत ते वैभव का पोहोचलं नाही, हे मात्र त्या भाषणांत कधी येत नाही.

आईला दोष देणं सोपं आहे. पण ताहा यांनी स्वतः तिचं जे चित्र काढलंय ते बघा. नजर गेल्यानंतरही तिने प्रयत्न सोडले नव्हते. संध्याकाळ झाली की बहीण त्याला अंगणातून उचलून आणायची, जमिनीवर निजवायची, डोकं आईच्या मांडीवर. मग आई एकेक डोळा उघडून त्यात कसलंसं औषध ओतायची. ते झोंबायचं, फायदा काडीचा नाही. पोरगं मात्र रडायचं नाही, कारण धाकट्या बहिणीसारखं रडकं म्हणवून घ्यायची त्याला लाज वाटायची. त्या बाईला काय झालंय ते कुणी समजावून सांगितलं नव्हतं. काय गेलंय, परत येईल की नाही, कुणाला विचारायचं, यातलं काहीच नाही. म्हणून ती रोज रात्री थेंब घालत राहिली. उत्तर न मिळालेली आई दुसरं काय करणार?

आपल्याला अंधत्व आहे हे त्या मुलालाही कुणी सांगितलं नाही. त्याने ते हळूहळू ओळखलं. भावंडं ज्या गोष्टींचं वर्णन करतात त्या आपल्याला माहीतच नाहीत, म्हणजे त्यांना काहीतरी दिसतं जे आपल्याला दिसत नाही. आई इतरांना जे करू देते ते आपल्याला करू देत नाही. आधी राग आला, मग तो राग एका मुक्या दुःखात बदलला.

एकदा जेवताना त्याला वाटलं, घास एका हाताऐवजी दोन्ही हातांनी घेऊन बघू. भावंडं खदाखदा हसली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. वडिलांनी हळू आवाजात समजावलं, बेटा, असं नाही घ्यायचं. बस एवढंच. पण त्या रात्रीपासून त्याने रस्सा, भात, चमच्याने खायचं काहीही चारचौघांत खाणं सोडलं. पुढे कित्येक वर्षं हे चाललं. मोठेपणी ते हजार वर्षांपूर्वीच्या अबुल अला अल-मअर्री या अंध कवीच्या प्रेमात पडले, त्याचं एक कारण हेही असावं. देवीच्या रोगात लहानपणीच नजर गेलेला तो कवीसुद्धा खाताना अंगावर सांडलं म्हणून लाजला होता.

अंध मुलाचं काय करायचं, याचं उत्तर त्या समाजात एक होतं: हाफिज. ताहा गावच्या मकतबमध्ये गेला. तिथले उस्ताद स्वतः जवळजवळ अंध, पण थोडंफार दिसतं असा आव आणायचे. नऊ वर्षांचा व्हायच्या आत मुलाचं कुरआन पाठ झालं आणि घरी त्याला सगळे शेख म्हणायला लागले. पुढे उजळणी राहिली आणि तो विसरला. वडिलांनी पाहुण्यांसमोर म्हणायला सांगितलं आणि एक आयतसुद्धा पुढे सरकेना. ज्यांनी लहानपणी सबक विसरून मार खाल्लाय त्यांना हे पान वाचताना घाम फुटेल.

१९०२ च्या ऑगस्टमध्ये गावात कॉलरा आला. ताहाचा अठरा वर्षांचा भाऊ नुकताच परीक्षा पास होऊन वैद्यकीय शाळेत जायच्या तयारीत होता. घरातला पहिला डॉक्टर तो होणार होता. सुट्टीत तो गावच्या डॉक्टरबरोबर रोग्यांकडे फिरत होता. त्यालाच लागण झाली आणि तो गेला. ताहा तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. त्याने हिशेब केला की भावावर पंधराव्या वर्षापासून नमाज फर्ज होती, म्हणजे तीन वर्षांच्या नमाजा बाकी. मग तो रोज स्वतःच्या पाच नमाजांबरोबर भावाच्याही पाच पढू लागला, रोजेही दुप्पट धरू लागला. आईला न सांगता, कुणालाच न सांगता. आम्हाला या माणसाच्या सगळ्या पदव्यांपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

त्याच वर्षी तो अल-अझहरला गेला. मुलगा तिथल्या खांबाला टेकून बसावा, भोवती शागिर्दांचा हलका असावा, हे वडिलांचं स्वप्न. प्रत्यक्षात मोठा भाऊ मित्रांकडे जायचा तेव्हा हा मुलगा काहिराच्या एका खोलीत तासन्‌तास अंधारात एकटा बसायचा. जुन्या पद्धतीच्या धड्यांना तो कंटाळला, उस्तादांशी वाद घालू लागला, आणि तिथली पदवी काही मिळाली नाही. १९०८ मध्ये इजिप्शियन विद्यापीठ उघडलं आणि त्याला नवी वाट सापडली. १९१४ मध्ये याच विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. विषय अबुल अला. मग फ्रान्स. तिथे सुझान नावाची मुलगी त्यांना पुस्तकं वाचून दाखवायची. १९१७ मध्ये दोघांचं लग्न झालं. इब्न खल्दून यांच्यावर त्यांनी सोर्बोनमध्ये प्रबंध लिहिला.

पुढची वर्षं वादळी होती. १९२६ मध्ये त्यांनी इस्लामपूर्व अरबी कवितेवर पुस्तक काढलं. त्यातला बराचसा भाग नंतरच्या लोकांनी रचलेला आहे असं त्यांचं म्हणणं, आणि ओघात काही अशी विधानं की अल-अझहरचे उलेमा खवळले. प्रकरण सरकारी वकिलापर्यंत गेलं. खटला उभा राहिला नाही, पण पुस्तक मागे घेऊन त्यांना बदल करून पुन्हा छापावं लागलं. त्या पुस्तकातली काही वाक्यं आम्हालाही पटत नाहीत आणि ते सांगायला आम्हाला संकोच नाही. पण एका पुस्तकावरून अख्खा माणूस मोडीत काढणं हेही बरोबर नाही. याच माणसाने पुढे सीरतवर ‘अला हामिश अस-सीरा’ लिहिलं.

१९३२ मध्ये सरकारशी बिनसल्यावर विद्यापीठातून काढून टाकले गेले, परत आले. १९५० मध्ये शिक्षणमंत्री झाले, आणि माध्यमिक शिक्षण फुकट केलं. शिक्षण हे पाणी आणि हवेसारखं सगळ्यांना मिळायला हवं, असं ते सांगत राहिले. लोकांना ते घोषवाक्य वाटलं. ज्याची नजर अडाणीपणाने गेली त्याच्यासाठी ते घोषवाक्य नव्हतं.

आता जरा आपल्या मोहल्ल्याकडे येऊ. मूल टीव्हीला चिकटून बसतं, पुस्तक नाकाला लावतं, मान तिरकी करून बघतं, संध्याकाळी अडखळतं, आणि आपण म्हणतो मोठं झालं की जाईल. तिरळेपणाला लकी म्हणतो. मुलीला चष्मा लागला तर तिच्या लग्नाची काळजी आधी, डोळ्यांची नंतर. एका डोळ्याची नजर कमी असली तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकायचं सोडून देतो, आणि इलाज जितका लहानपणी तितका चांगला होतो. उशीर झाला की चष्म्यानेही पुरतं भागत नाही. मोबाइलच्या फोटोत मुलाच्या बुबुळात पांढरी चमक दिसली तर उद्यावर टाकू नका, तो डोळ्यातल्या कॅन्सरचा इशारा असू शकतो. बाजारातल्या सुरम्यात पुष्कळदा शिसं असतं, म्हणून डॉक्टर लहान मुलांना तो लावू नका म्हणतात. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक फुकट तपासणी करतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. आणि डॉक्टरने कारण सांगितलं नाही, नुसतं बघू म्हटलं, तर पुन्हा विचारा, दुसऱ्या डॉक्टरकडे जा. विचारण्यात कसली बेअदबी आलीय?

दुआ तर हवीच. इमाम बुखारी यांची नजर लहानपणी गेली होती आणि आईच्या दुआने परत आली, ही रिवायत आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. हजरत इब्न उम्मे मक्तूम यांच्यासारखे अंध सहाबी मस्जिदे नबवीत अजान देत, हेही ठाऊक आहे. नजर नसणं म्हणजे माणूस संपणं नव्हे. पण जी वाचू शकते ती नजर जाऊ देणं ही वेगळी गोष्ट, आणि ताहा हुसैन यांनी हा फरक कधी पुसू दिला नाही. एवढं नाव मिळवूनही त्यांनी हज्जामाची ती ओळ आत्मकथेतून गाळली नाही.

२८ ऑक्टोबर १९७३ रोजी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी त्यांना मानवी हक्कांचा पुरस्कार दिला होता.

‘अल-अय्याम’च्या पहिल्या भागाच्या शेवटी ते आपल्या नऊ वर्षांच्या मुलीशी, अमीनाशी बोलतात. एकदा ती मांडीवर बसली होती आणि ते तिला ईडिपस राजाची ग्रीक कथा सांगत होते. सुरुवातीला ती हसत ऐकत होती. राजाचे डोळे गेले, आणि त्याची मुलगी हात धरून त्याला वाट दाखवत निघाली, इथपर्यंत गोष्ट आली तेव्हा तिचा चेहरा बदलला आणि ती रडायला लागली. आई धावत आली, तिला उचलून घेतलं. ती का रडली हे त्या तिघांनाही कळलं होतं.