सातारा-सांगली विमानाने किती मिनिटं? उत्तर जेआरडी टाटांकडे आहे

सातारा ते सांगली हवाई अंतर साधारण १११ किलोमीटर. याला जेट विमानाच्या ताशी ८०० किमी वेगाने भागलं तर आठ मिनिटं येतात. गणित बरोबर, पण उत्तर निरुपयोगी! मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दोन ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढायला कोडच्या चार ओळी पुरतात. वेळ काढणं मात्र अवघड. हा फरक समजायला मला जेआरडी टाटांचं आयुष्य सगळ्यात चांगलं उदाहरण वाटतं.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ला पॅरिसमध्ये झाला. १९२९मध्ये त्यांना वैमानिकाचं लायसन्स मिळालं. भारतात दिलेलं ते पहिलंच, नंबर १. पुढच्याच वर्षी आगा खान यांनी इंग्लंड-भारत एकट्याने विमान नेण्याची स्पर्धा ठेवली. जेआरडी कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनीअर हा तरुण इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघे भेटले. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जेआरडींनी त्याला प्लग दिले. शेवटी काही तासांच्या फरकाने जिंकला अस्पीच!

१५ ऑक्टोबर १९३२. लंडनहून आलेली टपाल घेऊन जेआरडी पस मॉथ या छोट्या विमानातून कराचीहून मुंबईला निघाले. कराची-मुंबई सरळ अंतर सुमारे ८७० किमी. पण पेट्रोलसाठी अहमदाबादला उतरायचं होतं, म्हणून प्रवास झाला जवळपास १,०३० किमीचा. विमानाचा वेग ताशी १६० किमीच्या आसपास, म्हणजे नुसतं उडायलाच साडेसहा तास. थांबा धरून जुहूला पोचेपर्यंत सव्वासात तास लागले.

तिथून टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बळ्ळारीमार्गे मद्रासला नेली. आता मॅप उघडा आणि जुहू-बळ्ळारी सरळ रेघ ओढा. ती सातारा जिल्ह्यात कोरेगाव-पुसेगावच्या मधून जाते, सांगली जिल्ह्यात विटा-आटपाडीच्या मधून, मग कवठे महांकाळ आणि जतच्या मधून. म्हणजे या टपाल विमानसेवेची रेघ आपल्या डोक्यावरूनच जाते. पस मॉथच्या वेगाने सातारा-सांगली अंतराला लागली असती साधारण ४२ मिनिटं.

पावसाळ्यात जुहूच्या धावपट्टीवर पाणी भरायचं, तेव्हा विमानं पुण्याहून उडवावी लागत. म्हणजे अंतर बदललं नाही तरी हवामान, थांबे आणि धावपट्टी वेळ बदलत राहतात.

८ जून १९४८ला जेआरडींच्या एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं. कैरो, जिनिव्हा करत ते १० जूनला पोचलं. अंतर सुमारे ७,२०० किमी, आजही तेवढंच. आता न थांबता साधारण दहा तास लागतात.

१९८२मध्ये, त्या पहिल्या उड्डाणाला ५० वर्षं झाली तेव्हा, ७८ वर्षांच्या जेआरडींनी जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून कराची-मुंबई पुन्हा स्वतः पार केलं. १९९२मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं.

तेव्हा एखाद्या अ‍ॅपने ‘हवाई वेळ’ दाखवली, तर आधी तीन गोष्टी बघा: विमान कुठलं, थांबे किती आणि त्या गावात धावपट्टी आहे का. नुसतं अंतर बघून बॅग भरू नका!